एका निवडणुकीपुरता वॉर्ड

आमचा वॉर्ड एका निवडणुकीपुरताच होता. पुढच्या निवडणुकीला नवे नकाशे निघाले, त्याचे दोन तुकडे झाले आणि त्याचा नंबर दुसऱ्याच कुठल्या तरी भागाला गेला. आज डोंबिवली पश्चिमेला राहणाऱ्या तरुण माणसाला विचारलं, तर असा काही वॉर्ड होता हे त्याला माहीत नसतं. मला माहीत आहे, कारण त्या वॉर्डात मी उभी राहिलेले आणि हरलेले.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही डोंबिवलीत आलो. त्याआधी ठाण्यात माजिवड्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो. नवरा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर होता, आणि मीही तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिकच्या स्विचांची जुळणी करायचे. पुढे ते वर्कशॉप बंद पडलं. तोवर आम्ही डोंबिवलीत खाडीच्या बाजूला एका नव्या बिल्डिंगमध्ये जागा घेतली होती. जागा स्वस्त मिळाली, कारण तिथे पाणी नव्हतं, रस्ता नव्हता आणि संध्याकाळी डास इतके की दार उघडं ठेवायची सोय नव्हती. काम सुटल्यावर मी घरी ब्लाउज आणि परकर शिवायला लागले. बिल्डिंगा वाढत गेल्या तशी माझी गिऱ्हाइकंही वाढली.

आमच्या बिल्डिंगांच्या मागून एक मोठा नाला खाडीला जाऊन मिळायचा. नाल्याच्या पलीकडे जुनं गाव होतं. कोळ्यांची घरं, थोडी आगऱ्यांची, गावदेवीचं देऊळ, पालिकेची मराठी शाळा आणि शेवटी ज्याला बंदर म्हणायचे तो खाडीचा उतार. नाल्याच्या अलीकडे, रेल्वेलाइनच्या कडेने पत्र्याच्या चाळी होत्या. तिथे साताऱ्याकडची, नगरकडची, खाली कोकणातली माणसं राहायची. गाव, चाळी आणि बिल्डिंगा इतक्या जवळ होत्या की गावात कुणाकडे हळद असली की बेंजोचे सूर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचे. पण जाणं-येणं नव्हतं. नाल्यावर पूल नव्हता. गावात जायचं तर रेल्वे फाटकापर्यंत चालत जायचं, तिथून वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने उतरायचं. नाल्यावरून एक जाड पाण्याचा पाइप गेला होता, त्यावरून काही धीट माणसं तोल सांभाळत जायची. माझ्या गावी, संगमेश्वरकडे, दर पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, पोफळीचा का होईना, साकव असायचा. इथे शहरात आल्यावर साकव नाही याचं मला पहिल्यांदा नवल वाटलेलं, मग सवय झाली.

महापालिका होऊन बरीच वर्षं झाली होती, पण निवडणूक काही होत नव्हती. कारभार प्रशासकाकडे होता. नव्वदीच्या मधल्या काळात एकदाची निवडणूक लागली. वॉर्डांचे नकाशे लागले तेव्हा लोकांना कळलं की गाव, चाळी आणि आमच्या बिल्डिंगा मिळून एक वॉर्ड झाला आहे, आणि तो बायकांसाठी राखीव आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. नकाशा बघून आले ते थेट आमच्याकडेच.

"वहिनी, गावातले लोक गावातलीच बाई उभी करणार," ते म्हणाले. "आपण गप्प बसलो तर पाच वर्षं पाण्याच्या टँकरसाठी त्यांच्या दारात उभं राहावं लागेल. तुम्ही उभ्या राहा."

मला आधी वाटलं ते थट्टा करतायत. मी म्हटलं, "काका, काकूंना उभं करा की."

"ती? ती चार माणसांत तोंड उघडत नाही," काका म्हणाले. "तुमच्याकडे सगळ्या बिल्डिंगांमधल्या बायका ब्लाउज शिवायला येतात. तुम्हाला ओळख करून द्यायची गरज नाही."

नवरा कामावरून आल्यावर मी त्याला सांगितलं. त्याने हातपाय धुतले, चहा घेतला. मग म्हणाला, "तुला करावंसं वाटतंय का? वाटत असेल तर कर. नसेल तर काकांना मी सांगतो." मला वाटत होतं. का, ते नीट सांगता आलं नसतं. वर्कशॉप बंद झाल्यापासून मी दिवसभर मशीनवर वाकलेली असायचे, आणि कुणी तरी मला वर बघायला सांगितलं, असं काहीसं वाटलं.

गावातून कोण उभं राहणार ते दोन दिवसांत कळलं. ती माझी मासळीवाली निघाली.

स्टेशनजवळच्या मार्केटमध्ये मी कितीतरी वर्षं तिच्याकडूनच मासळी घेत होते. तिला मी मावशी म्हणायचे. खाडीत पूर्वीसारखं काही मिळत नव्हतं, म्हणून ती पहाटे मुंबईच्या धक्क्यावर जाऊन माल आणायची आणि दुपारपर्यंत विकून मोकळी व्हायची. अंगाने उंच, आवाज असा की मार्केटच्या तोंडाशीच कळायचं आज पापलेट आलंय की नाही. उमेदवारी जाहीर झाल्यावर पहिल्यांदा मार्केटमध्ये गेले तेव्हा मला संकोच वाटत होता. दुसऱ्या कुणाकडून घ्यावं का, असाही विचार आला. तिनेच हाक मारली.

"अगं ये. तू पन उभी हायेस म्हने?"

"हो मावशी. तुम्हीही ना?"

"मना उभी केलीय," ती म्हणाली. "दीर बोलला, वॉर्ड बायकांचा झालाय, मंग घरातलीच बाई पायजे. मी बोल्ली, बरा. आज काय देऊ? कोलंबी चांगली हाय."

मी कोलंबी घेतली. तिने नेहमीसारखी वर मूठभर घातली.

निशाणी वाटपात तिला तराजू हवा होता. तो दुसऱ्याच कुणाला गेला आणि तिच्या वाट्याला टेबल आलं. मला कपबशी मिळाली. गावातली पोरं भिंतींवर टेबल काढायची, पण पाय चारच्या चार दिसतील असं काढणं त्यांना जमेना, म्हणून कुठे ते पाट दिसायचं, कुठे बाकडं. आमच्याकडे काकांनी प्रचाराला खऱ्या कपबश्या आणल्या. त्यातून लोकांना चहा दिला तर तो नियमात बसतो की नाही यावर सोसायटीत एक अख्खी मीटिंग झाली. पक्षांच्या बायकाही उभ्या होत्या, पण त्या वॉर्डाबाहेरच्या होत्या आणि लोकांनी त्यांना फारसं धरलं नाही. खरी लढत टेबल आणि कपबशीची होती.

प्रचारासाठी मी पहिल्यांदा गावात शिरले. इतकी वर्षं जवळ राहून मी ते गाव आतून पाहिलं नव्हतं. अंगणात बोंबील वाळत होते, एका ओट्यावर म्हातारा जाळं विणत बसला होता. मी हात जोडून नाव सांगितलं. तो म्हणाला, "मत तर आमी तिलाच देनार. पन तू उन्हातून आलीस, पानी पिऊन जा." पाणी त्याच्या सुनेने माठातून दिलं. त्या दिवशी मला कळलं की गावातही नळाला दोन दिवसांआड पाणी येतं. आमच्याकडे सगळ्यांची समजूत अशी की आमचं पाणी गाववाले पळवतात. गावात सगळ्यांची समजूत अशी की बिल्डिंगवाले पळवतात.

मतदानाचं केंद्र गावातल्या पालिकेच्या शाळेत होतं. वॉर्डात तेवढी एकच सरकारी शाळा होती. त्यामुळे आमच्या बिल्डिंगांमधल्या आणि चाळींमधल्या लोकांना मत द्यायला फाटकावरून वळसा घालून जावं लागणार होतं. त्या दिवशी ऊन रणरणत होतं. सकाळी काही जोडपी गेली. दहानंतर काका आणि मी जिने चढून दारं वाजवायला लागलो. कुणी म्हणायचं आत्ता जेवण होऊ दे, कुणी म्हणायचं चार वाजता बघू. एका बाईंनी तर दारातूनच सांगितलं, "तुम्ही येणारच आहात निवडून, मी एकटी नाही गेले तर काय होतंय?" त्यांच्या अंगावर मी शिवलेला ब्लाउज होता. तिकडे गावात मात्र म्हातारी माणसंसुद्धा खुर्चीवर बसवून केंद्रावर आणली जात होती.

मी हरले. फार मोठ्या फरकाने नाही, पण हरले. काका दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आपलेच लोक नालायक." मला तसं म्हणवेना. मीही एरवी त्या उन्हात वळसा घालून गेले असते का, कोण जाणे. नवऱ्याने तेव्हा एकच केलं. रविवारी तो स्वतः मार्केटमध्ये गेला आणि मावशीकडूनच मासळी घेऊन आला. म्हणाला, "अभिनंदन केलं त्यांचं. तुझी चौकशी करत होत्या."

पुढचे काही महिने मी परत मशीनवर बसले. कधी मार्केटमध्ये गेले तर मावशीच्या जागेवर तिची सून असायची. नगरसेविका सभेला गेल्यात, असं ती जरा ऐटीत सांगायची.

एके दुपारी दारावरची बेल वाजली. दारात मावशी. इस्त्रीचं पातळ, हातात पर्स, चेहरा मात्र उतरलेला. मी तिला आत घेतलं, पंखा लावला. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"तुझ्याकड एक काम हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाला सांगू नको."

"नाही सांगत. काय झालं?"

"सभेन मना बोलताच येत नाय."

मला खरं वाटेना. अख्ख्या मार्केटला जिचा आवाज पुरायचा, तिला बोलता येत नाही? तिने सगळं सांगितलं. ती मोठ्या सभागृहात बसते. तिथे माइक असतो. लोक माननीय अमुक, सन्माननीय तमुक म्हणून सुरू करतात. तिने एकदा हात वर केला, उभी राहिली, आणि घशातून शब्दच निघाला नाही. बाजूचे हसले. तेव्हापासून ती नुसती बसून येते. वॉर्डाची कामं दीरच बघतो. तिच्या नावाचं लेटरपॅड त्याच्या खिशात असतं. सही तेवढी ती करते.

"काल तो एक कागद घेऊन आला," ती म्हणाली. "मी बोल्ली, वाचून सांग. तो बोलला, तुला कसाला पायजे? तू सही कर. मी सही नाय केली. लेटरपॅड पन तेच्याकडून काढून घेतला. आता घरान कोन माझ्याशी बोलत नाय."

"मग मी काय करू?"

"तू प्रचाराला कशी बोलत होतीस, मी बगितलंय. गावान येऊन बोललीस, सगल्या आमच्या मानसांसमोर. तुला भ्या नाय वाटला?"

"खूप वाटलं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मंग मना शिकव," ती म्हणाली.

मी विचारलं, "सभेत तुम्हाला पहिल्यांदा काय मागायचंय?"

तिने मागे बोट दाखवलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नाला दिसायचा. "तेच्यावर पूल," ती म्हणाली. "तुला सांगू? पूल असता तर तू निवडून आली असतीस. सगल्यांना म्हायत हाय. दिराला पन म्हायत हाय. म्हनून तर तेला पूल नको."

त्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. माझ्या घरी नाही, कारण काकांनी बघितलं असतं. तिच्या घरी दीर होता. म्हणून आम्ही मार्केटमध्येच करायचो, दुपारी, गिऱ्हाइकं ओसरल्यावर. फरशा धुऊन झालेल्या असायच्या, उरलेला बर्फ टोपल्यांत वितळत असायचा. मावशीच्या विश्वासातल्या मासळीवाल्या बायका आपापल्या पाटांवर बसायच्या आणि त्या आमचं सभागृह व्हायच्या. त्यांतली एक थोराड बाई कोयत्याची मूठ पाटावर आपटून शांतता पुकारायची. अधिकारी मी व्हायचे.

"सन्माननीय महापौर महोदय," मावशी सुरू करायची आणि तिथेच अडकायची.

"हा विषय आजच्या सभेपुढे नाही," मी अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणायचे.

मावशी गप्प.

"निधी नाही."

मावशी अजून गप्प. असं आठवडाभर चाललं. मी तिला वाक्यं तयार करून दिली होती. ती घरी पाठ करून यायची आणि उभी राहिली की विसरायची. मला वाटायला लागलं की हे जमणार नाही. एका दुपारी मी पुन्हा "निधी नाही" म्हटलं तेव्हा कोपऱ्यातली एक बाई, जिचा यात काही संबंध नव्हता आणि जी आपली सुकट निवडत बसली होती, वैतागून म्हणाली, "अगं, गिऱ्हाइक बोल्ला पैसे नाय, तर तू तेला सोरतेस का?"

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. मग माझ्याकडे वळून एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "निधी नाय? मंग गेल्या वर्साला तो रस्ता दोनदा केलात, तो कंच्या निधीतून?"

त्या दिवशी मी तिला लिहून दिलेले कागद परत मागून घेतले. मी तिला माझ्यासारखं बोलायला शिकवत होते, आणि मी स्वतः काकांसारखं बोलत होते. तिचं तिलाच बोलू द्यायला हवं होतं.

ज्या सभेत ती बोलली, त्या सभेला मी कल्याणला गेलेले. प्रेक्षकांना बसायला वर जागा होती, तिथे मी एकटीच बाई होते. खाली तिचा हिरवा पदर दिसत होता. बराच वेळ कुणाकुणाची भाषणं झाली. मग ती उठली. माइक तिने बाजूला सारला. मला वाटलं आता संपलं. पण तिने दोन्ही हात पुढच्या टेबलावर ठेवले आणि सुरू केलं.

"माझ्या वॉर्डान एक नाला हाय. नाल्याच्या अल्याड मी राहते. पल्याड जी बाई माझ्यासमोर उभी होती, ती राहते. मतदान आमचे गावान होता. पूल नाय म्हनून तिची मानसं आली नाय, म्हनून मी निवडून आली. तुमचेपैकी कोन असा सांगेल का? मी सांगते. पुढच्या येलेला मी हरली तरी चालेल. पन पूल पायजे. आमची पोरा, चालीतल्या बाया, तो पाइप धरून जातात. पानी भरलं का तो पाइप पन दिसत नाय."

आधी हशा झाला. मग कुणी तरी बाक वाजवला, आणि मग बरेच वाजले. एका अधिकाऱ्याने उठून, पाहणी करून अहवाल देऊ असं काही सांगितलं. मावशी म्हणाली, "पाहनीला कवा येनार? दिवस सांगा." त्याला दिवस सांगावा लागला. वर बसून मी पदराने डोळे पुसत होते. शेजारच्या माणसाने विचारलं, "तुमच्या कोण त्या?" मी म्हटलं, "आमच्या नगरसेविका."

पण पूल असा मागितला आणि झाला, असं झालं नाही. पाहणी झाली तशी दोन्ही बाजूंना कुजबुज सुरू झाली. काका म्हणाले, पूल झाला की गावातली सगळी रहदारी आपल्या गेटासमोरून जाणार. गावात दीर सांगत फिरला की पुलावरून बिल्डर येतील, खाडीत भराव टाकतील आणि आपल्याला उठवतील. त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, कारण आजूबाजूला तसं होताना सगळे बघत होते. शेवटी मावशीने शाळेत एक बैठक बोलावली, गाव, चाळी आणि बिल्डिंगा, सगळ्यांची. तीन ठिकाणची माणसं पहिल्यांदाच एका छपराखाली बसली. बसली पण वेगवेगळीच. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसलेली मला अजून दिसतात.

गावकऱ्यांच्या शंकेवर मावशीचं उत्तर तयार होतं. "पूल चालनाऱ्यांचा," ती म्हणाली. "हातगारी जाईल येवढाच. ट्रक नाय, टेम्पो नाय. रुंदी मी सभेन लिहून घेतलीय." गावातले लोक आपसांत बोलायला लागले. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. दीर उठून बाहेर गेला.

मग काका उभे राहिले. त्यांनी सुरक्षिततेवर बोलायला सुरुवात केली. चोऱ्या, अनोळखी माणसं, रात्रीची वर्दळ. ते बोलत असताना मागच्या बाकावरून काकूंचा आवाज आला. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या काकू.

"अहो, आपल्या नातवाला अंघोळ घालायला रोज कोण येतं?"

काका थांबले. त्यांची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. म्हणाले, "त्या आजी. का?"

"त्या गावातल्याच आहेत. कशा येतात माहितीये?"

"रिक्षाने येत असतील."

"पाइपावरून येतात," काकू म्हणाल्या. "लुगडं खोचून, हातात तेलाची बाटली घेऊन. मी रोज खिडकीतून बघते आणि त्या उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. त्या घसरल्या तर पुढच्या मीटिंगला तुम्ही काय बोलणार?"

ती आजी तिथेच पुढच्या रांगेत बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "अजून नाय घसरली. पन सत्तरी झाली." काका खाली बसले. थोड्या वेळाने पुन्हा उठले आणि म्हणाले, "करायचाच असेल, तर कठडा चांगला कमरेपर्यंत उंच ठेवा. आणि दोन्ही टोकांना दिवा." बँकेतल्या माणसाने हरकत मागे घेतली ती अशी.

तरीही काम सुरू व्हायला वर्षं गेली. मावशी दर सभेला विचारायची. महापौरांनी तिला बोलायला सांगितलं की लोक आधीच हसायचे आणि म्हणायचे, "आला पूल." ती त्यांच्याबरोबर हसायची आणि विचारायचीच. मुदतीच्या शेवटच्या वर्षी नाल्याच्या दोन्ही काठांवर खड्डे खणले गेले. नवरा संध्याकाळी कामावरून आला की चहाचा कप घेऊन खिडकीत उभा राहायचा आणि सळ्या किती आल्या, सिमेंट कसं ओततात, ते मला सांगायचा. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं काम बघायला फार आवडतं.

पूल पुरा झाला त्याच सुमारास पुढच्या निवडणुकीचे नकाशे लागले. आमचा वॉर्ड राहिला नव्हता. नाला ही नवी हद्द झाली होती. गाव खाडीकडच्या दुसऱ्या वस्त्यांना जोडलं गेलं, आम्ही आणि चाळी रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगांना. म्हणजे ज्या वॉर्डासाठी पूल मागितला, तो वॉर्ड गेला आणि पूल दोन वॉर्डांच्या मधोमध उरला. मला वाईट वाटलं. मी मावशीला म्हटलं, "एवढं करून काय झालं बघा."

"काय झालं?" ती म्हणाली. "पूल झाला. पुलाला काय म्हायत, वॉर्ड कंचा ते?"

तिकडचा वॉर्ड आता बायकांचा राहिला नव्हता. तिथे दीर उभा राहिला आणि पडला. मावशीने त्याचा प्रचार केला नाही आणि विरोधही केला नाही. "घरान राहायचं हाय मना," एवढंच म्हणाली. आमच्या बाजूचा वॉर्ड पुन्हा बायकांसाठी निघाला होता. काका परत माझ्याकडे आले. यावेळी काकूही बरोबर होत्या. मी विचार करायला एक दिवस मागितला.

चाळीत साताऱ्याकडची एक सून होती, बालवाडी चालवायची. पूल व्हायच्या आधी ती रोज गावातली पोरं पाइपावरून आपल्या हाताला धरून आणायची. नवऱ्याची नोकरी सुटली होती, घरात सासू अंथरुणावर, आणि तरी ती कायम हसतमुख. चाळीतल्या कुणाला रेशनकार्ड हवं असलं, शाळेत नाव घालायचं असलं की तिच्याकडे जायचे. माझ्या मनात तिचं नाव कधी आलं ते मला आठवत नाही, पण काकांना मी तेच सांगितलं. काका जरा अडखळले. म्हणाले, "चाळीतली? बिल्डिंगवाले देतील तिला मत?"

काकू म्हणाल्या, "मी देईन. तुम्ही तुमचं बघा."

तिला तयार करायला मात्र वेळ लागला. ती म्हणायची, मला कोण ओळखतं? मी तिला म्हटलं, मलाही आधी तसंच वाटलेलं. मग मी तिला घेऊन मावशीकडे गेले. पुलावरून, वळसा न घालता. मावशीने तिला वर-खाली बघितलं आणि म्हणाली, "हरलीस तर काय होनार हाय? हिला बघ. ही हरली, पन हिचा काय बिगरला?"

त्या प्रचारात आम्ही तिघी फिरलो. मावशीचं त्या वॉर्डात मतसुद्धा नव्हतं, तरी ती रोज संध्याकाळी पूल ओलांडून यायची आणि बिल्डिंगांचे जिने चढायची. आमच्या बायका तिला आधी मासळीवाली म्हणून ओळखायच्या, आता बाकावर बसवून सरबत द्यायला लागल्या. मतदानाच्या दिवशी कुणाला जिन्यातून ओढून काढावं लागलं नाही. काका सकाळी सात वाजता गेटावर टोपी घालून उभे होते आणि खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला मत देऊन झाल्यावर पुढच्या मजल्याचा निरोप द्यायला सांगत होते. आमची बालवाडीवाली निवडून आली.

त्यानंतरच्या नारळी पौर्णिमेला मावशीने आम्हाला गावात बोलावलं. बिल्डिंगांमधल्या पुष्कळ बायका आल्या, नारळीभाताचे डबे घेऊन. काकू त्या अंघोळ घालणाऱ्या आजीचा हात धरून चालत होत्या. सगळी मिरवणूक खाडीपर्यंत गेली. नारळ वाहून झाल्यावर मावशीच्या मुलाने होडी काढली आणि मावशीने मला आणि नव्या नगरसेविकेला त्यात बसवलं. मी इतकी वर्षं खाडीच्या काठावर राहिलेले, पण कधी पाण्यावर गेले नव्हते. बालवाडीवाली तर साताऱ्याची. तिने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती.

"घाबरू नको," मावशी म्हणाली. "पानी उथल हाय इकडं."

थोडं पुढे गेल्यावर तिने कड सोडली. वारा होता. काठावर बायका गात होत्या आणि कुणी तरी आमच्याकडे बघून हात हलवत होतं. नवी नगरसेविका मावशीला विचारत होती की गावातल्या पाण्याची लाइन आणि आपली लाइन एकाच टाकीवरून येते का, आणि येत असेल तर दोन्ही वॉर्डांनी मिळून अर्ज केला तर चालेल का.

"चालेल की," मावशी म्हणाली. "सोमवारी जाऊ. तू, मी आनि ही."

मी म्हटलं, "सोमवारी मला दोन ब्लाउज द्यायचेत."

"मंग मंगलवारी," मावशी म्हणाली, आणि मुलाला होडी वळवायला सांगितली.